पायजमीच्या पोटाखालची अंडी

माझ्या सासूबाईंइतकं भित्रं माणूस अख्ख्या मावळात शोधून सापडायचं नाही. त्यांचं नाव बाया, मी त्यांना आत्या म्हणते. आत्यांना फोन वाजला की भीती, लोणावळ्यातल्या दवाखान्याच्या लिफ्टची भीती, धरणाकाठी तंबू ठोकून गाणी लावणाऱ्या पोरांची भीती. बँकेतल्या अंगठ्याच्या मशीनची तर इतकी की अंगठा ठेवताना डोळे घट्ट मिटून घेतात. मी हसते. म्हणते, "आत्या, मशीन बोट खात न्हाई." त्या म्हणतात, "तुला गं काय ठावं, एकांद्याचं खाल्लं बी आसंल."

हे झालं हसण्यावारी न्यायचं. पण खाकी कपड्याला त्या भितात ते हसण्यासारखं नाही. त्या लहान असताना त्यांच्या बापाला, लाकडाची मोळी आणली म्हणून, फॉरेस्टच्या माणसांनी धरून नेलं होतं. काही दिवसांनी सोडलं. बाप घरी आला, पण त्यानंतर तो पुढच्या दारात कधी बसला नाही, कायम मागच्या दारात, आणि तिकडं काय झालं ते मरेपर्यंत बोलला नाही. आता नशिबाचा खेळ बघा, ह्याच बाईचा एकुलता एक मुलगा, माझा नवरा गणेश, फॉरेस्टात लागला. रोजंदारीवर, पण लागला. पहिल्यांदा खाकी शर्ट घालून तो दारात उभा राहिला तेव्हा आत्या चुलीमागं जाऊन बसल्या. आपलाच पोरगा आहे हे कळत होतं पण पाय ऐकेनात, असं त्या अजून सांगतात.

(मी नवऱ्याला नावानं हाक मारते. आधी आत्या ह्यावरून धुसफुसायच्या, आता त्यांनाही सवय झालीय.)

आमची वाडी तिकोणा पेठेच्या वरच्या अंगाला. पाचपंचवीस घरं, ओढा, आणि खाली धरणाच्या पाण्याकडं उतरत गेलेले बंगल्यांचे प्लॉट. आत्या तिथल्याच एका बंगल्यात झाडलोट करायच्या. लॉकडाऊन लागला, मालक मुंबईत अडकला आणि बागेत शोभेला ठेवलेल्या त्याच्या बुटक्या कोंबड्यांना दाणा घालायला कुणी उरलं नाही. मालक फोनवर म्हणाला, मावशी, घेऊन जा त्यांना. आत्यांनी पदरात घालून आणल्या. बँटम म्हणतात म्हणे त्या जातीला. आमच्या गावठी कोंबडीच्या निम्म्यानं असतील, पण तोरा बघावा तर पाटलिणीचा. त्यातल्या एकीच्या पायांवर बोटांपर्यंत पिसं होती, तिचं नाव मी पायजमी ठेवलं.

ह्या बुटक्यांना खुडूक बसायचं भारी वेड. खुडूक म्हणजे कोंबडीला अंडी उबवायची लहर येते. ती पिसं फुलवून एका जागी बसते, अंग तापल्यासारखं गरम होतं, दाण्याकडं बघत नाही आणि हात नेला की गुरगुरून टोचते. खाली अंडं असो नाहीतर दगड, तिला फरक पडत नाही. पिलं नको असली तर खुडूक मोडावी लागते, नाहीतर बसून बसून झिजते बिचारी. आत्यांच्या तऱ्हा ठरलेल्या. आधी तिचं पोट गार पाण्यात बुडवायचं. मग डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, वारा लागेल असं ठेवायचं. तरी ऐकेना तर तिचंच एक पीस तिच्या नाकपुडीतून आडवं घालायचं, म्हणजे ते काढायच्या नादात ती बसायचं विसरते. मला हे बघवत नाही. आत्यांनाही बघवत नसावं, कारण करताना त्या सारखं बोलत राहतात, "उगी, बाई, उगी. कुनासाठी बसतीयास? खाली काय हाय तुज्या?"

दोन गोष्टी मात्र त्या कधी होऊ देत नाहीत. खुडूक कोंबडी रिकामी बसू द्यायची नाही आणि एकदा ऊब लागलेलं अंडं गार पडू द्यायचं नाही. ऊब लागली की आत कुणीतरी वाट बघत असतं, असं त्यांचं म्हणणं. ह्या बाबतीत त्यांना कुणाची भीती वाटत नाही. मोठं मुंगूस खुराड्यात शिरलं तर हातातल्या खराट्यानं त्याला हाणतील. म्हणून वाडीतल्या बायका खुडूक मागायला आमच्याच दारात येतात. आमच्या वाडीत खुडूक मागितली तर नाही म्हणत नाहीत. न्यायची, पिलं निघाली की कोंबडी परत आणून द्यायची आणि वर एक पिलू ठेवून जायचं.

फक्त ठकू यायची बंद झाली होती. ठकू म्हणजे नथूची बायको, आमच्या शेजारची. नथूनं गेल्या वर्षी रानात घोरपड धरली आणि नेमकी गस्तीवरच्या माणसांच्या तावडीत सापडला. त्या माणसांत गणेश होता. कागदावर त्याचीही सही आहे. नथू आत जाऊन आला, आता वडगावला कोर्टाच्या तारखा खात बसलाय, आणि ठकूनं त्या दिवसापासून आमच्या घराकडं पाहिलेलं नाही. तिचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण गणेशनं तरी काय करायचं होतं? इतकी वर्षं तो उन्हापावसात राबतोय, यंदा कुठं त्याचं कायम व्हायचं घाटतंय.

तर ह्या पावसाळ्यात आत्या खालच्या एका नव्या प्लॉटवर दगड वेचायला जात होत्या. जेसीबी जमीन सपाट करत होता. एका दुपारी त्या नेहमीपेक्षा लवकर आल्या. ओचा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला, भिजलेल्या, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता सरळ मागच्या पडवीत गेल्या. मला वाटलं पोटात दुखत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवी झाडायला गेले. पायजमी डालग्याखाली बसलेली. तिच्याखाली अंडी ठेवल्याचं मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी तिला उचललं, आणि तशीच हातात धरून उभी राहिले. खाली तीन अंडी होती. पिवळसर, जाड, आणि पायजमीच्या अंड्याच्या तिप्पट तरी मोठी. ती पोरगी त्यांच्यावर बसली होती की त्यांच्यावर चढली होती, देव जाणे.

"आत्या, ही कशाची?"

आत्या चुलीपुढं होत्या. त्यांनी मागं बघितलं नाही. "लांडोरीची," म्हणल्या.

मोराची अंडी. फॉरेस्टात काम करणाऱ्याच्या घरात, त्याच्या बायकोच्या समोर, त्याच्या आईच्या कोंबडीखाली. घोरपडीसाठी नथूचं काय झालं ते आम्ही डोळ्यांनी बघितलं होतं, हा तर मोर.

"कळतंय का तुमाला काय करून बसलाय ते? सात सात वर्सं आत घालत्यात म्हणं."

"ठावं हाय."

"ठावं हाय, मग?"

आता त्या वळल्या. फुंकणी हातातच होती. "त्यो जेसीबी त्याच अंगाला यायला लागलता. लांडोर उडाली. म्या म्हणलं थांब रं बाबा, वाईच थांब, पर त्याला आत काय ऐकू येतंय? म्या उचलली. गरम व्हती गं, मंगल."

"नीऊन ठेवा परत."

"कुटं? तितं आता मातीच न्हाई ऱ्हायली, समदं सपाट."

मी म्हणलं गणेशला सांगू. त्याच्या ऑफिसात सांगू, असं असं सापडलं, घेऊन जा. तेव्हा आत्यांनी माझं मनगट धरलं. "त्याला नगं. त्याला ठावं न्हाई तवर त्याला खोटं बोलावं लागत न्हाई. पिलं निघाली, पायांत जोर आला, की म्या स्वता वर रानात सोडून ईन." त्यांनी ठरवलं होतं सगळं. आणि भीतीनं त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी कपाळाला हात लावला. अशी बाई पाहिलीय का कुणी, सांगा.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. वर जीप आली, गेले दारात. कुत्रं भुंकलं, गेले पडवीत. आत्यांचं म्हणाल तर त्या जेवेनाशा झाल्या. कोंबडी तिकडं दाणा सोडून बसली, सासू इकडं भाकरी सोडून बसली, आणि दोघींची उस्तवार मी करत बसले. आत्या दिवसातून एकदा पायजमीला उचलून अंगणात सोडायच्या, ती दोन दाणे टिपून, शिटून, पळत परत यायची. तेवढ्या वेळात आत्या अंड्यांवर आपले तळहात पालथे घालून बसायच्या आणि दाराकडं बघत राहायच्या.

रविवारी गणेश घरी आला. झाडं लावायचा हंगाम म्हणून तो आठवडाभर ऑफिसातच मुक्कामाला असायचा. पाय धुतले आणि आला तो सरळ मागच्या पडवीत, खाटेवर. डालगं त्याच्या पायापासून हातभर लांब. मी चहा दिला. कप बशीवर वाजत होता म्हणून मी तो दोन हातांनी धरला होता.

"नवी मॅडम लय कडक हाय," तो सांगत होता. "म्हणल्या, कायम व्हायचं तर एक बी तक्रार यायला नगं. एक जरी आली तर मी नाव खाली घालीन."

पायजमी गुरगुरली. गणेशनं खाली वाकून बघितलं. "खुडूक हाय व्हय ही? कितीवर बसवलीय?" आणि सहज, नेहमीसारखा, त्यानं डालगं वर करून हात आत घातला.

आत्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या तोंडातून नुसता वारा निघाला, शब्द निघाला नाही. पायजमीनं मात्र त्याच्या बोटाला असा चावा घेतला की रक्त आलं. "आयला, लय तिखट हाय," म्हणून तो हसला, डालगं टाकलं आणि बोट चोखत बसला. त्या दिवशी मला त्या मूठभर कोंबडीच्या पाया पडावंसं वाटलं. आत्या भिंतीला टेकून खाली बसल्या. गणेश म्हणाला, "आये, वाळलीस लय. जेवती न्हाईस का?" त्या म्हणल्या, "हवा बदललीय."

त्यानंतर दोनतीन दिवसांनी, भर पावसात, ठकू दारात आली. डोक्यावर प्लास्टिकच्या कागदाची खोळ आणि पदर पोटाशी गुंडाळलेला. वर्षभरानं आमच्या अंगणात पाय ठेवला होता तिनं.

"मावशी, खुडूक हाय का?"

तिची कोंबडी अंड्यांवर बसलेली असताना मुंगसानं नेली होती. अंडी अर्धी उबलेली, तिच्या पदरात. गार पडायला लागली म्हणून रुसवा गिळून ती आमच्याकडं आली होती. मी आत्यांकडं बघितलं. खुडूक म्हणजे पायजमी. दुसरी एक होती खुडूक, लंगडी, पण एक पुरे म्हणून त्याच सकाळी मी तिचं पोट बादलीत बुडवून तिला वाऱ्यावर ठेवली होती.

मी बोलायच्या आत आत्या बोलल्या. "हाय की. थांब." आणि समोरच्या पडवीत ठेवलेल्या लंगडीला आणायला गेल्या. भिजलेली, चिडलेली ती कोंबडी त्यांनी पदरानं पुसली, छातीशी धरून चोळली, तिच्याशी पुटपुटल्या. सगळं खरं, पण तेवढ्यात ठकू पावसातून आडोशाला म्हणून मागच्या पडवीत शिरली होती. मी धावले. ती डालग्यापाशी उकिडवी बसली होती. पायजमी नुकतीच दाण्याला उठलेली, अंगणात. डालग्याची एक कड वर होती.

आत्यांनी लंगडी आणून दिली. ठकूची अंडी टोपलीत मांडून लंगडीला वर ठेवली. ती जरा उभी राहिली, इकडंतिकडं बघितलं आणि पिसं सोडून बसली. ठकूचे डोळे भरून आले असावेत, की पाऊस होता, मला कळलं नाही. टोपली काखेला मारून ती निघाली, आणि दारात थांबून, माझ्याकडं न बघता म्हणाली, "मोठी हायती गं अंडी."

बस. एवढंच म्हणून गेली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. नळावर ठकू भेटायची, बघायची आणि नजर काढून घ्यायची. तिनं भांडण काढलं असतं, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. नथू ओट्यावर बसून फोनवर बोलताना दिसला की माझं धाबं दणाणायचं. ठकूच्या नवऱ्याला आत घालायला आमच्या माणसानं सही केलेली, आता ह्यांच्या हातात आमचा गळा आला होता. मी आत्यांना म्हणायचे, सांगणार ती, आज नाही उद्या सांगणार. आत्या म्हणायच्या, "सांगंल की." आणि अंडं उचलून कानाशी धरायच्या.

एका दुपारी गणेशचा फोन आला. तो घाईत होता.

"मंगल, उद्या सकाळी आमी वाडीत येतोय. मॅडम, मी, समदे. कुनीतरी फोन केलाय ऑफिसात, वाडीतल्या कुन्या बाईनं मोराची अंडी नेली म्हणून. नाव काय कळलं न्हाई, घरंघरं बघायची. तुला काय ठावं हाय का गं?"

"मला काय ठावं?" मी म्हणलं.

"कुनाचं तरी घर बसणार बघ," गणेश म्हणाला, आणि फोन ठेवला.

कुणाचं बसणार ते मला दिसत होतं. तो स्वतःच्या दारात खाकी घालून उभा राहणार, स्वतःच्या पडवीतलं डालगं उचलणार, आणि खाली बघणार. मी उठले. आत्यांना म्हणलं, झालं ते पुष्कळ झालं, मी ही ओढ्यात टाकून येते, ओढ्याला पाणी आहे, कुणाला कळायचं नाही. मी पायजमीला बाजूला ढकललं आणि अंडं उचललं. आत्या आडव्या आल्या नाहीत. त्यांनी फक्त माझा हात धरून ते अंडं माझ्या कानाला लावलं.

आत टकटक होत होती. बारीक, थांबून थांबून, नखानं दार वाजवावं तशी. मी अंडं खाली ठेवलं आणि रडायला लागले. रागानं म्हणा, भीतीनं म्हणा, दोन्हीनं.

आत्यांनी पायजमीला परत अंड्यांवर बसवलं आणि म्हणल्या, "ते हितं यायच्या आदी आपुनच जाऊ. हितं घावली तर गणेशच्या घरात घावली असं हुईल. म्या तितं नीऊन दिली तर काय, एक म्हातारी आली, दिऊन गेली. धरलं तर तिला धरतील."

"नाव इचारतील तुमाला."

"बापाचं लावन. गाव म्हायेरचं, आंबी सांगन."

"गणेश तितंच आसंल, आत्या."

त्यावर त्या उठल्या आणि टोपलीत पेंढा भरायला लागल्या.

सकाळच्या पहिल्या जीपनं आम्ही निघालो. टोपली आत्यांच्या मांडीवर, टोपलीत पायजमी, तिच्याखाली तीन अंडी, वरून जुनं लुगडं. खड्डा आला की आत्या टोपली दोन्ही हातांनी वर उचलायच्या आणि स्वतः आपटायच्या. शेजारच्यानं विचारलं, कोंबडी विकायला का मावशी? त्यांनी मान हलवली. त्यांचे दात वाजत होते. बाहेर पाऊस होता पण थंडी नव्हती. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर लुगड्यातून त्यांचं काळीज माझ्या हाताला लागत होतं. मी म्हणलं, आत्या, मी जाते, मी देते. तर म्हणल्या, "तुला तितं समदी वळखत्यात. तू लांब ऱ्हा."

ऑफिसाच्या अंगणात गाडी वाडीकडं निघायच्या तयारीत उभी होती. गणेश पाठमोरा, गाडीत पिंजरा चढवत होता. समोर चहाची टपरी आहे, तिथं मी खांबाआड थांबले. अंतर एवढं कमी की पायरीवरचं बोलणं ऐकू येत होतं.

आत्या अंगणात शिरल्या. एक पायरी चढल्या आणि थांबल्या. मला वाटलं, आता ही बाई इथंच कोसळणार. पण त्यांनी टोपली खाली ठेवली, लुगडं बाजूला केलं, आणि बाहेर आलेल्या मॅडमपुढं हात जोडले.

"मोराची अंडी हायती. म्या उचललीती. मला धरा."

गणेश वळला. त्याच्या तोंडचं सगळं रक्त उतरलेलं मला टपरीवरून दिसलं. त्याचं तोंड उघडलं, आणि आत्यांनी त्याच्याकडं एकदा बघितलं, खांबाकडं बघावं तसं, आणि नजर परत मॅडमकडं नेली.

मॅडम वयानं माझ्याएवढ्याच. त्या टोपलीपाशी बसल्या. "प्लॉटवरच्या वॉचमननं फोन केला होता तो तुमच्याबद्दलच का, आजी? ओच्यात घालताना त्यानं पाहिलं होतं म्हणे." म्हणजे ठकूनं सांगितलं नव्हतं. इतके दिवस मी तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. पण तेव्हा त्याचं वाईट वाटायलाही मला फुरसत नव्हती.

"व्हय, म्याच ती," आत्या म्हणल्या.

"गणेश, जबाब लिहून घे."

तो पुढं आला. पॅड आणि पेन घेऊन तो आईसमोर उभा राहिला. "नाव?" त्यानं विचारलं. तो आवाज मला ओळखू आला नाही.

"बाया कोंडाजी."

"गाव?"

"आंबी."

"आंबीहून एवढ्या लांब?" मॅडमनी मान वर केली. "घरी कोण आहे, आजी? कुणाला बोलावून घ्यायचं का?"

आत्यांनी गणेशकडं तोंड केलं. जोडलेले हात त्याच्यापुढं धरले. "कुनी न्हाई, सायेब," त्याला म्हणल्या. "म्या एकलीच हाये. लिवा तुमी."

मी खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी देवाला एवढंच म्हणत होते की गणेशनं गप्प राहावं. दोन ओळी लिहाव्या, अंगठा घ्यावा, म्हातारीला दम देऊन सोडावं, की सुटलो सगळे. तो लिहीत होता. मग त्याचं पेन थांबलं. टोपलीत पायजमी फुगून बसली होती आणि तिच्या पोटाखालून, कवचातून, एक बारीक चिवचिव यायला लागली होती.

"मॅडम," गणेश म्हणाला, "ही माजी आय हाये. अंडी आमच्या घरात व्हती."

आत्यांनी डोळे मिटून घेतले.

मॅडम उठल्या. कडक माणूस, चेहऱ्यावरून काही कळेना. "हे मला वर कळवावं लागेल," त्या म्हणाल्या. "मी लपवणार नाही, आणि त्याचं पुढं काय होईल ते आत्ता मला सांगता येणार नाही. तुझ्या नावाचंही नाही. कळतंय का?"

"व्हय, मॅडम."

"मग आईला उभी का ठेवलीस? खुर्ची आण."

त्यानं खुर्ची आणली. आत्या खुर्चीत बसल्या नाहीत, टोपलीशेजारी फरशीवर बसल्या, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू त्यांना तिथं फुटलं. मी टपरीवरून धावत गेले. त्या गणेशच्या खाकी शर्टाची बाही धरून ओढत होत्या, त्याच शर्टाची, आणि म्हणत होत्या, "कशाला बोललास रं? तुला कुनी इचारलं व्हतं? गेली की आता तुजी नोकरी."

गणेश त्यांच्यापुढं खाली बसला.

"आये," तो म्हणाला, "तू मला सायेब म्हणलीस."